चौदा सरकारी रॅक आणि बर्फातल्या बाई

स्वतःला हाकलून देण्याची नोटीस स्वतःच्याच हाताने टाईप करायची संधी फार थोड्या माणसांना मिळते. मला मिळाली. मी ती एकही चूक न करता टाईप केली, वर समासही नीट सोडला.

रायपूर नुकतंच नव्या छत्तीसगढची राजधानी झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. राज्य झालं होतं, मंत्री झाले होते, लाल दिव्यांच्या गाड्या आल्या होत्या. फक्त बसायला जागा नव्हती. मंत्रालय एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरलं होतं. आमच्या शाखेच्या भिंतीवर ‘कृपया शांति बनाए रखें’ अशी पाटी तशीच राहिली होती, आणि महिन्यातून एखादा तरी माणूस डबा घेऊन यायचा आणि मला विचारायचा, “भैया, हड्डी वाला वार्ड किधर है?” मी म्हणायचो, “यहीं था. अब यहाँ दूसरी चीज़ें टूटती हैं.”

मी त्या शाखेत वरिष्ठ लिपिक होतो, म्हणजे बाबू. भोपाळहून आमच्या वाटणीच्या फाइली पोत्यांत भरून आल्या होत्या आणि जिन्याखाली, व्हरांड्यात, एकदा तर जुन्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडून होत्या. त्यांना रेकॉर्ड रूम हवी होती. वरून हुकूम आला, शहरात सरकारी जमिनीवरच्या ज्या इमारती रिकाम्या असतील त्यांची यादी करा. यादी झाली. तिच्यात सातव्या क्रमांकावर तात्यापाऱ्यातला आमचा मराठी मंडळाचा हॉल होता.

एका बाजूला मी सरकारचा बाबू आणि दुसऱ्या बाजूला त्याच मंडळाचा नाट्यसचिव. ‘उक्त भवन का सार्वजनिक उपयोग नहीं हो रहा है, अतः क्यों न इसे विभागीय अभिलेख हेतु अधिग्रहित किया जाए,’ हे वाक्य मी टाईप केलं आणि कागद सहीला ठेवला. साहेबांची सही झाली. शिपाई पत्र घेऊन निघाला तो माझ्यापाशीच थांबला.

“बाबूजी, ये तो आपको ही देना है न? यहीं ले लो.”

“नाही,” मी म्हणालो. “इथे मी देणारा आहे. घेणारा मी संध्याकाळी सहानंतर तात्यापाऱ्यात असतो. तिथे ये.”

बिचारा सायकल मारत आला. मी मंडळाच्या टेबलामागे बसून पत्र उघडलं, धक्का बसल्यासारखा चेहरा केला आणि पोच दिली. अभिनय म्हणून तो वाईट नव्हता. पण शिपाई गेल्यावर मी रिकाम्या हॉलकडे पाहिलं आणि तेव्हा मात्र खराच धक्का बसला.

या हॉलमध्ये माझी मुंज झाली होती. इथल्या हातभर उंचीच्या रंगमंचावर मी आठव्या वर्षी माकड झालो होतो आणि अठ्ठाविसाव्या वर्षी नायक. दोन्ही भूमिकांत तोच कोट. कोपऱ्यात वाचनालयाची दोन कपाटं होती, एकाचं कुलूप बिघडलेलं आणि दुसऱ्याची किल्ली हरवलेली. सभासद दोन जातींचे होते. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात आलेल्या घराण्यांतले, आणि विदर्भातून रेल्वेत, कचेऱ्यांत नोकरीला आलेले आमच्यासारखे. पहिले दुसऱ्यांना चिडवायचे, “आम्ही फौजेसोबत आलो, तुम्ही पॅसेंजरनं आले.” आम्ही म्हणायचो, “तुमची फौज परत गेली, आमची पॅसेंजर अजून चालू आहे.”

खरं सांगायचं तर नोटिशीत खोटं काही नव्हतं. हॉलमध्ये गणपती व्हायचा, कोजागिरी व्हायची, वर्षाला एक नाटक व्हायचं, आणि त्याला तेच साठ लोक यायचे. पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, बाकीचे लोक, चहावाला, शिंपी, भाजीवाली, नाटकाच्या वेळी खिडकीबाहेर उभे राहून थोडं ऐकायचे आणि निघून जायचे. आत या असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं, आणि येऊ नका असंही नाही.

आठवड्यात हॉलमध्ये चौदा लोखंडी रॅक येऊन पडले. आमच्याच खात्याच्या भांडारातून. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात क्रमांक. निर्णय व्हायचा होता, पण रॅक आधीच पोचले. सरकारात हे असं होतं, लग्न ठरायच्या आधी वरात दारात.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. त्यांना आम्ही सगळे अध्यक्षकाका म्हणायचो. त्यांनी रॅकभोवती एक फेरी मारली आणि माझ्यासमोर उभे राहिले.

“काय लेका, तू कोणाच्या बाजूनं आहेस?”

“दोन्हींच्या, काका.”

“मग एका बाजूनं तरी काही कर ना! नुसता पोच देऊन राहिला.”

करण्यासारखं एकच होतं. महिनाभरात साहेब स्वतः पाहणी करणार होते आणि हॉलचा सार्वजनिक उपयोग होतो की नाही यावर टिपण लिहिणार होते. ते टिपण आमच्या बाजूने यायला हवं होतं. तेवढं झालं तर हॉल आमचा, नाहीतर माझ्या मुंजीच्या जागेवर पेन्शनची प्रकरणं.

आणि तेवढ्यात फ्रेंच आले.

साहेबांनी मला बोलावलं. ते उपसचिव, बुंदेलखंडाकडचे, भोपाळहून आलेले, मनाने चांगले, पण प्रत्येक गोष्टीची त्यांना घाई. “बाबू, फ्रांस से डेलीगेशन आ रहा है. पुस्तकालय, संग्रहालय, लोककला, सब देखेंगे.”

मी पत्र वाचलं. “सर, ये तो कनाडा से हैं. क्यूबेक प्रांत.”

“फ्रेंच बोलते हैं न?”

“हव सर, बोलते हैं.”

“तो फिर?”

 पेंटरने तोवर स्वागताच्या फलकावर पॅरिसचा मनोरा काढूनही टाकला होता. मी त्याला गुपचूप गाठलं. त्याने पाच मिनिटं विचार केला, मनोऱ्याला हिरवा रंग मारला, दोन्ही बाजूंना फांद्या फोडल्या, खाली पांढरा बर्फ ओतला. झाला देवदार. इतका देखणा देवदार रायपुरात त्यापूर्वी कुणी पाहिला नव्हता.

साहेबांना त्या प्रांताची माहिती एका पानात हवी होती. मी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन जाडजूड ज्ञानकोश काढला आणि वाचत बसलो. एका पानासाठी गेलो होतो, तीन संध्याकाळी तिथेच राहिलो. सगळ्या देशात इंग्रजी, शेजारच्या मोठ्या देशातही इंग्रजी, आणि मध्ये ही फ्रेंच बोलणारी मंडळी ठाण मांडून बसलेली. फ्रान्सहून आलेली फौज कधीच परत गेली, लोक राहिले. आधी चर्च आणि शाळा यांनी भाषा सांभाळली, मग सरकारनेच ती उचलली. संस्कृतीचं खातं, गावोगावची वाचनालयं, नाट्यगृहं, दुकानांच्या पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात याचा कायदा. मी वाचत होतो आणि मला वाटत होतं, अरे, ही तर आमची तात्यापारा शाखा! फरक एवढाच, की त्यांच्याकडे सरकार होतं आणि आमच्याकडे दोन कपाटं.

पाहुणे यायला चार दिवस राहिले तेव्हा कळलं, की ज्या सरकारी प्रेक्षागृहात शेवटच्या संध्याकाळचा कार्यक्रम ठरला होता तिथे खुर्च्याच बसवलेल्या नाहीत. खुर्च्या नागपुरात होत्या. साहेब डोक्याला हात लावून बसले.

मी खाकरलो. “सर, एक जगह है. स्टेज है, पंखे हैं, कुर्सियाँ हैं.” मग प्रामाणिकपणे जोडलं, “रैक भी हैं.”

साहेबांनी डोक्यावरचा हात काढला. “वही वाली जगह?”

“वही वाली. आपका निरीक्षण भी हो जाएगा, सर. एक पंथ दो काज.”

त्यांनी सही केली. कार्यक्रमपत्रिका मीच टाईप करणार होतो, त्यामुळे छत्तीसगढी पंथी नाचानंतर अर्ध्या तासाचं एक मराठी नाटुकलं तिच्यात कसं शिरलं हे कुणी विचारलं नाही.

नाटुकलं माझंच होतं. रेल्वेतल्या एका बापाच्या मुलीला बस्तरमधल्या शाळेत नोकरी लागते, आणि बाप तिचं नेमणुकीचं पत्र चहाच्या डब्यात लपवतो. शेवटच्या प्रवेशात मुलगी सगळं ओळखते. बाप मी होतो. मुलीच्या भूमिकेत माझी स्वतःची मुलगी. ती तेव्हा बारावीत होती, समता कॉलनीतल्या आमच्या घरात वाढलेली, मराठी सगळं समजणारी आणि उत्तर मात्र हिंदीत देणारी. मी म्हणायचो, “जेवलीस काय वं?” ती म्हणायची, “हाँ पापा, कब का.” आमच्या पिढीतल्या प्रत्येक घरात हेच चाललं होतं. एका खोलीत दोन भाषा राहायच्या आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

अध्यक्षकाकांना मात्र वाटलं. “पाहुण्यांसमोर शुद्ध पाहिजे,” त्यांनी जाहीर केलं. “पुण्यातल्यासारखं. मले तुले एकदम बंद.”

“काका, पाहुण्यांना मराठीच येत नाही. शुद्ध काय न् अशुद्ध काय.”

“त्यांना नसंल समजत. मले समजते ना!”

तर माझं साधंसुधं नाटुकलं काकांनी लाल पेनाने शुद्ध केलं. ‘काहून बोलत नाहीस’ याचं ‘कन्ये, तुझ्या मौनाचा मी काय अर्थ घ्यावा’ असं झालं. मुलीच्या शेवटच्या उत्तरात अकरा वाक्यं होती आणि त्यांतलं एकही वाक्य कुठल्या मुलीने कुठल्याही बापाला कधी म्हटलं नसेल. माझी मुलगी ती पाढ्यांसारखी पाठ करायची. एकदा म्हणाली, “पापा, ये लड़की जीती-जागती है या निबंध है?” मी तिला गप्प केलं. हॉल वाचवायचा होता. निबंधाने वाचत असेल तर निबंध.

पाहुणे सहा होते. त्यांतल्या एका बाईंना शहर दाखवायचं काम माझ्याकडे आलं. साठीच्या, ठेंगण्या, केस कापसासारखे पांढरे आणि चाल पोलिसासारखी. नदीकाठच्या एका लहान गावातलं सार्वजनिक वाचनालय त्या चालवायच्या. त्यांचं इंग्रजीही परकं आणि माझंही परकं, त्यामुळे आमचं छान जमलं.

शंकर नगरच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्या दुकानांच्या पाट्या पाहत होत्या. मग आपण होऊन सांगू लागल्या. त्या सात-आठ वर्षांच्या असताना आई त्यांना घेऊन मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात गेली होती, हातमोजे घ्यायला. आईने फ्रेंचमध्ये विचारलं. विकणारी बाई इंग्रजीत म्हणाली, मला कळत नाही. शहरात निम्म्याहून जास्त लोक फ्रेंच बोलणारे! आईला इंग्रजीतले दोन शब्द येत होते, ते ती बोलली नाही. तिने हातमोजे काउंटरवर ठेवले आणि तशाच गारठलेल्या हातांनी लेकीला घेऊन बाहेर आली.

“मग?” मी विचारलं.

“मग पुष्कळ वर्षं गेली. कायदे झाले, शाळा झाल्या, आमचं वाचनालय झालं. त्याची एक गाडी आहे, बर्फातून पुस्तकं घेऊन शेतावरच्या घरांपर्यंत जाते. आई म्हातारी झाली तेव्हा मी तिला त्याच शहरात नेलं. तिने फ्रेंचमध्ये हातमोजे मागितले, चार जोड्या काढायला लावल्या, आणि एकही घेतली नाही.”

मी इतका हसलो की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. बाईही हसल्या. त्या क्षणी मी ठरवलं, या बाईला माझा हॉल दाखवायचाच.

कार्यक्रमाची संध्याकाळ. देवदाराचा फलक दारात. पहिल्या रांगेत सहा पाहुणे, मध्ये साहेब हातात पुष्पगुच्छ घेऊन, शेजारी दिल्लीहून आलेली दुभाषी तरुणी. मागे आमचे नेहमीचे साठ. खिडक्यांबाहेर नेहमीचा पारा. रॅक हलवायला जागा नव्हती म्हणून आम्ही ते रंगमंचावर भिंतींसारखे उभे केले होते आणि त्यांच्यावर चादरी आणि अध्यक्षकाकांच्या घरून आणलेला काकूंचा एक शालू टाकला होता. घर अगदी श्रीमंत दिसत होतं.

पंथी नाच झाला. पोरांनी मांदरचा ढोल असा घुमवला की पाहुणे उठून उभे राहिले. मग आम्ही.

पहिली वीस मिनिटं शुद्ध गेली. इतकी शुद्ध की साहेबांची मान हळूहळू पुष्पगुच्छावर टेकली. खिडकीतली डोकी कमी होऊ लागली. दुभाषीला मी गोष्टीचा सारांश टाईप करून दिला होता, तो तिने केव्हाच सांगून संपवला होता. मला स्टेजवरून सगळं दिसत होतं, आणि मनात साहेबांचं टिपणही दिसत होतं: ‘सार्वजनिक उपयोग नहीं पाया गया.’

शेवटचा प्रवेश. मुलगी माझ्याकडे पाठ करून उभी. माझं वाक्य यायला हवं होतं. मी तोंड उघडलं.

वाक्य नव्हतं.

कन्ये पण नव्हतं, मौन पण नव्हतं, काहीच नव्हतं. प्रॉम्प्टर म्हणजे अध्यक्षकाका, रॅकच्या मागे, हातात वही. त्यांनी सांगितलं असणार, पण मध्ये शालू होता आणि वर पंखा. मी थांबलो. हॉल थांबला. आणि माझ्या तोंडून निघालं ते जे घरी निघतं ते:

“काहून वं पोट्टे, बोलत काहून नाहीस? मले सांग ना!”

आता माझ्या पोरीने जन्मापासून हा आवाज ऐकला होता आणि जन्मापासून त्याला एकाच भाषेत उत्तर दिलं होतं. अकरा वाक्यं जागच्या जागी राहिली. ती गर्रकन वळली.

“बोलूँ तो किससे बोलूँ, पापा? आप सुनते कहाँ हो! चिट्ठी आपने छुपाई, और चुप रहने का हिसाब मुझसे माँग रहे हो?”

रॅकच्या मागे वही खाली पडल्याचा आवाज आला. साठ माणसांनी एकदम श्वास घेतला. तिनेही तोंडावर हात नेला. आपण हिंदीत बोलून गेलो हे तिला तेव्हाच कळलं. आणि खिडकीतून चहावाल्याचा आवाज आला, मोकळा, खणखणीत:

“हव! नोनी बने कहत हे!”

मुलगी बरोबर बोलते आहे, असा निकाल त्याने भर हॉलमध्ये दिला, आणि जो हशा फुटला त्याने साहेब जागे झाले. आता मागे जाता येत नव्हतं. मी पुढे गेलो.

“बस्तर काय जवळ आहे काय वं? तिथं तुले कोण आहे?”

“स्कूल है. बच्चे हैं. और जब दादाजी नागपुर से रेल में बैठकर यहाँ आए थे, तब यहाँ उनका कौन था?”

हे वाक्य माझ्या नाटकात नव्हतं. काकांच्या नाटकात तर नव्हतंच. माझ्या वडिलांबद्दल होतं ते, खऱ्या. मी चहाच्या डब्यात हात घातला. पत्र काढलं. चहापत्ती झटकली.

“घे. पण दर आयतवारी फोन कर. मी बोलीन तेवढं ऐकून घ्यायचं.”

“सुनूँगी. लेकिन डाँटना मराठी में ही. हिंदी में आपका गुस्सा नकली लगता है.”

एवढ्यात दारं उघडली. खिडकीतली माणसं दारातून आत आली होती. चहावाला, शिंपी, टोपली डोक्यावर तशीच ठेवून भाजीवाली, रिक्षा लावून आलेले दोघे. कुणी परवानगी विचारली नाही. रंगमंचासमोरच्या सतरंजीवर बसकण मारली आणि भाजीवाली साहेबांना म्हणाली, “थोरकन घुच न बाबू.” साहेब पुष्पगुच्छासह सरकले.

पडदा पडला. म्हणजे एका पोराने ओढला आणि तो अर्ध्यातच अडकला, नेहमीसारखा. टाळ्या कमी होईनात. रॅकच्या मागून अध्यक्षकाका बाहेर आले, चेहरा तापलेल्या इंजिनासारखा, आणि ते मला काही म्हणणार तेवढ्यात बर्फातल्या बाई पायऱ्या चढून वर आल्या. दुभाषीचा हात धरून त्यांनी विचारलं:

“मधेच या मुलीने भाषा बदलली. हे लिहिलेलं होतं का?”

 त्यांना मराठी येत नव्हती, हिंदी येत नव्हती. आमच्या कानाला भाऊबहिणीसारख्या वाटणाऱ्या त्या दोन भाषांमधला सांधा त्यांनी फक्त ऐकून पकडला होता.

अध्यक्षकाकांनी एका क्षणात चेहरा बदलला. “यस मॅडम,” ते म्हणाले. “ऑल रिटन. बाय अवर कमिटी.”

“नहीं मैडम,” माझी मुलगी म्हणाली. “हमारे घर में ऐसे ही होता है.”

दुभाषीने सांगितलं आणि बाई मोठ्याने हसल्या, मग डोळे पुसले. म्हणाल्या, “माझा नातू दुसऱ्या प्रांतात वाढतो. मी फ्रेंचमध्ये विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो. मी फोन ठेवत नाही. तोही ठेवत नाही.”

मग त्या साहेबांकडे वळल्या. साहेब आता स्टेजखाली भाजीवालीच्या टोपलीशेजारी उभे होते.

“आमच्या वाचनालयातही असा एक रंगमंच आहे,” बाई म्हणाल्या. “जागा सार्वजनिक आहे की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ओळखते. रस्त्यावरचा माणूस कुणाला न विचारता आत येऊन बसतो का? तुमच्याकडे बसतो. ही तुमच्या सरकारची जागा आहे ना? तुम्हाला फार अभिमान वाटत असेल.”

सहा पाहुणे पाहत होते. साठ मराठी पाहत होते. पारा पाहत होता. साहेबांनी पुष्पगुच्छ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“यस,” साहेब म्हणाले. “व्हेरी प्राउड.”

आणि मग काकूंचा शालू घसरला. देवाची शपथ, मी ओढला नाही. माझी टाच त्याच्यावर होती एवढं मान्य करतो. शालूमागून रॅक उघडे पडले, काळे, रिकामे, पांढरे क्रमांक लख्ख.

“अरे वा,” बाई म्हणाल्या. “आणि हे शेल्फ! यावर पुस्तकं येणार असतील?”

साहेबांनी रॅककडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा छताकडे पाहत होतो.

“यस,” ते म्हणाले. “बुक्स.”

बाहेरच्या लोकांना वाटेल, गोष्ट इथे संपली. सरकारात काम केलेल्याला माहीत असतं की ती इथे सुरू होते. स्टेजखाली उच्चारलेला ‘यस’ सकाळपर्यंत हवेत विरून जातो. त्याला कागदावर उतरवावं लागतं, तेही साहेब पाहुण्यांना विमानतळावर सोडून परत यायच्या आत. दुसऱ्या दिवशी मी पावणेदहाला शाखेत होतो. टिपण लिहिलं: ‘कल के कार्यक्रम में, विदेशी प्रतिनिधिमंडल की उपस्थिति में, माननीय उपसचिव महोदय द्वारा की गई घोषणा के अनुपालन में उक्त भवन को सार्वजनिक वाचनालय एवं रंगमंच के रूप में यथावत रखा जाना तथा चौदह रैक पुस्तकों हेतु वहीं रहने देना प्रस्तावित है.’ दोन शब्दांची मी घोषणा केली. बाबूची विद्या ती हीच.

साहेबांनी वाचलं. परत वाचलं. “मैंने घोषणा की थी?”

“बड़ी शान से, सर. सब्ज़ी वाली भी गवाह है.”

त्यांना हसू आवरता आवरेना. “मेरा बेटा भी बुंदेली में जवाब नहीं देता, बाबू,” ते म्हणाले, आणि सही केली. खाली स्वतःच्या हाताने एक अट लिहिली: वाचनालय पाऱ्यातल्या सगळ्यांसाठी खुलं राहील, आणि हिंदी, छत्तीसगढी पुस्तकंही ठेवली जातील.

नोटीस रद्द केल्याचं पत्रही मीच टाईप केलं. शिपाई ते घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि त्याने नुसत्या भुवया उंचावल्या.

“सहानंतर,” मी म्हणालो. “तात्यापाऱ्यात.”

तो सायकल मारत आला तेव्हा अख्खं मंडळ दारात उभं होतं, आणि पाराही. चहावाल्याने त्याला आधी चहा पाजला. मी पोच दिली ती इतकी झोकदार की सही खालच्या ओळीत गेली. अध्यक्षकाकांनी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, हिंदीत, आणि शेवटी मराठीत म्हणाले, “आपली फौज या वेळी परत गेली नाही लेको!” काकांनी पुढल्या वर्षी नाटकात आजोबाची भूमिका मागून घेतली. त्यांचे सगळे संवाद मले-तुलेत होते, नातवाचे हिंदीत, आणि खिडकीबाहेर उभं राहायला कुणी उरलं नव्हतं, कारण सगळे आत होते.

पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा कमिटी बसली. बाईंच्या प्रांतात म्हणे फ्रेंच अक्षरं इतर भाषेपेक्षा ठळक असावी लागतात. आपणही मराठी ठळक करू, असा ठराव झाला. पेंटर म्हणाला, “करता हूँ, पर पहले ये बताओ, ‘वाचनालय’ में मराठी कौन सा है और हिंदी कौन सा?” कमिटी उठली. पाटीवर तो शब्द एकदाच आहे, भरपूर ठळक, आणि शेजारी पेंटरने हौसेने एक छोटा देवदार काढला आहे.

चार महिन्यांनी बाईंचं पार्सल आलं. लहान मुलांचं एक फ्रेंच चित्रांचं पुस्तक, आणि लोकरीच्या हातमोज्यांची एक जोडी. रायपुरात हातमोजे! मुलीने ते डिसेंबरात एकदा घातले, फक्त घालायचे म्हणून. पुस्तक पहिल्या रॅकच्या वरच्या कप्प्यात आहे. त्यातलं एक अक्षर कुणाला वाचता येत नाही, आणि सगळ्यात जास्त फाटलेलं पुस्तक तेच.

रॅक आजही खात्याच्या नोंदीत आहेत. दर वर्षी एक कर्मचारी सत्यापनाला येतो, बोटाने मोजतो, चौदा, टिक करतो. मग खिशातून मागच्या वर्षी नेलेली कादंबरी काढतो, परत ठेवतो, आणि नवी निवडायला तासभर लावतो.